क्लाउड स्टोरेज घेताना: घराचा हिशेब वेगळा, धंद्याचा वेगळा

‘स्टोरेज जवळजवळ भरलंय’ असा संदेश मोबाइलवर झळकला की बहुतेक जण दोनातली एक गोष्ट करतात. एक तर व्हॉट्सॲपवरची सुप्रभातची फुलं पुसत बसतात, नाहीतर समोर दिसेल ते ‘अपग्रेड’चं बटण दाबून मोकळे होतात. शंभर जीबीला किती रुपये पडतात, हा प्रश्न खरं तर तिसरा-चौथा. पहिला प्रश्न असा: उद्या फोन चोरीला गेला, लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला किंवा ऑफिसातला मुलगा नोकरी सोडून गेला, तर फाइली परत कशा मिळणार आणि त्या कोणाच्या हातात असणार? याचं उत्तर घरासाठी वेगळं येतं, धंद्यासाठी वेगळं. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबानं लावल्या आहेत. पैसे भरण्याची पायरी मुद्दाम उशिरा ठेवली आहे.

अगदीच नवख्यांसाठी एक वाक्य: क्लाउड म्हणजे कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या डिस्कवर इंटरनेटवरून वापरायला मिळालेली जागा. थोडी फुकट, बाकी भाड्यानं.

पायरी १: जागा कशानं भरली ते बघा

गूगलच्या प्रत्येक खात्याला १५ जीबी फुकट मिळतात, पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. ‘फोटो फुकट असतात ना?’ असं अजूनही कोणी ना कोणी विचारतंच. १ जून २०२१ पूर्वी ‘हाय क्वालिटी’त चढवलेले फोटो मोजले जात नव्हते, आणि ते जुने फोटो आजही मोजले जात नाहीत. त्या तारखेनंतरचा प्रत्येक फोटो मात्र १५ जीबीतूनच वजा होतो. पुढे अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच जागेत मोजायला सुरुवात झाली. त्यामुळे ‘मी तर काहीच ठेवत नाही’ म्हणणाऱ्या काकांचं खातं भरतं ते फॅमिली ग्रुपवरच्या व्हिडिओंनी.

गूगल वन या गूगलच्या स्टोरेज ॲपमध्ये स्टोरेजचं पान उघडा. कोणत्या खान्यात किती जीबी गेले ते तिथं रंगीत पट्टीवर दिसतं, आणि खाली मोठ्या फाइली, मोठ्या अटॅचमेंट असलेल्या मेल, कचरापेटीत पडून असलेला माल अशी यादीही मिळते. व्हॉट्सॲपच्या बॅकअप सेटिंगमध्ये ‘व्हिडिओ समाविष्ट करा’ हा पर्याय बंद केला, तर पुढच्या बॅकअपला बऱ्याच जणांचे कित्येक जीबी मोकळे होतात. मग भाड्यानं जागा घ्यायची गरजच उरत नाही.

दुसरा खादाड म्हणजे कॅमेरा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की १०८०पी व्हिडिओला, सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर, मिनिटाला साधारण ६० एमबी लागतात आणि त्याहून बारीक चित्राच्या ४के व्हिडिओला १७० एमबी. म्हणजे हळदीचा दहा मिनिटांचा व्हिडिओ ४केमध्ये काढला तर पावणेदोन जीबीच्या आसपास, आणि तोच १०८०पीमध्ये ६०० एमबी. घरच्या टीव्हीवर बघायला दुसरा पुरेसा असतो. सेकंदाला ६० फ्रेमचं सेटिंग तर क्रिकेटच्या नेट प्रॅक्टिसशिवाय कोणाला कशाला लागतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

जागा पूर्ण भरली की नवे फोटो चढायचे थांबतात आणि, जास्त गंभीर म्हणजे, मेल येणं-जाणं बंद होतं. बँकेच्या मेल त्याच पत्त्यावर येत असतील तर हे परवडणारं नाही. मर्यादेबाहेर गेलेलं खातं दोन वर्षं तसंच राहिलं तर गूगल त्यातला मजकूर पुसू शकतं, असा नियम आहे. खातं दोन वर्षं उघडलंच नाही तर ते पूर्ण काढून टाकण्याचा नियम वेगळा. आजोबांच्या नावानं उघडून विसरलेल्या खात्यात एकदा शिरून यायला हरकत नाही.

पायरी २: सिंक आणि बॅकअप यांतला फरक

सगळ्यात जास्त रडारड इथं होते, म्हणून जरा सावकाश वाचा.

सिंक म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र ठेवणं. इथं फाइल बदलली की तिथं बदलते, इथं पुसली की तिथूनही जाते. बॅकअप म्हणजे वेगळी प्रत. मूळ फाइलीचं काहीही झालं तरी ती जागची हलत नाही. ॲपलचं आयक्लाउड, गूगलचं ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्स यांचं रोजचं काम मुख्यतः सिंकचं आहे, आणि लोक मात्र ते बॅकअप समजून वापरतात.

आयफोनवर आयक्लाउड फोटो चालू असताना ‘फोन हलका करू’ म्हणून दोनेक हजार फोटो पुसले, तर ते आयक्लाउडमधूनही जातात. ‘अलीकडे हटवलेले’ या अल्बममध्ये ३० दिवस मिळतात, तेवढीच मुदत. फोन हलकाच करायचा असेल तर सेटिंगमध्ये ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू करा. मोठी प्रत वर राहते, फोनवर छोटी. गूगल फोटोमध्ये यासाठी ‘डिव्हाइसवरील जागा मोकळी करा’ असं स्वतंत्र बटण आहे. ते फक्त वर पोचलेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढतं. त्याच ॲपमधलं साधं ‘डिलीट’ मात्र दोन्हीकडून पुसतं. दोन बटणं, परिणाम उलटे.

नव्या विंडोज लॅपटॉपवर आणखी एक गंमत होते. सुरुवातीला ‘पुढे, पुढे’ दाबत गेलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हला जोडले जातात. फुकट मिळतात ५ जीबी, डेस्कटॉपवर पडलेलं असतं २० जीबी. मग जागा भरल्याची तक्रार सुरू होते, माणूस चिडून वनड्राइव्हच्या संकेतस्थळावरून फाइली उडवतो आणि डेस्कटॉपही रिकामा होतो. असं दिसलं तर आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमधून फोल्डर बॅकअप थांबवा, फाइली लॅपटॉपवर परत आल्याची खात्री करा आणि मगच वरच्या पुसा.

रॅन्समवेअरचंही, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचंही, तसंच. लॅपटॉपवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या की सिंक इमानेइतबारे त्या कुलूपबंद फाइलीच वर चढवतं. तिथं कामाला येतात जुन्या आवृत्त्या. ड्राइव्हमध्ये वर्ड, एक्सेल, पीडीएफ यांसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. मायक्रोसॉफ्ट ३६५चे (वर्ड-एक्सेल आणि वनड्राइव्हच्या भाड्याच्या योजनेचे) पैसे भरणाऱ्याला संपूर्ण वनड्राइव्ह मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या क्षणावर परत नेता येतं. ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यांना ३० दिवस, धंद्याच्या योजनांना १८० दिवस किंवा त्याहून जास्त. निवड करताना जीबीच्या शेजारी हा दिवसांचा आकडा लिहून ठेवा. जो माणूस महिन्यातून एकदाच आपली फाइल उघडतो त्याला ३० दिवस कमी पडतात.

पायरी ३: घरासाठी सेवा निवडणं

घरात कोणते फोन आहेत त्यावर निम्मा निर्णय होऊन जातो.

अँड्रॉइड आणि आयफोन मिसळलेले असतील तर गूगल वन सोयीचं, कारण ते दोन्हीवर सारखंच चालतं. १०० जीबीचा दर भारतात बराच काळ महिना १३० रुपये आणि २ टीबीचा (एक टीबी म्हणजे साधारण हजार जीबी) ६५० रुपये राहिला आहे. सगळं घर आयफोनवर असेल तर आयक्लाउडशी भांडत बसू नका. फुकट ५ जीबी फोनच्या बॅकअपलाही पुरत नाहीत, त्यामुळे ७५ रुपयांचे ५० जीबी किंवा २१९ रुपयांचे २०० जीबी यांपैकी एक घ्यावंच लागतं. दर बदलत राहतात, तेव्हा भरण्याच्या दिवशी ॲपमध्ये दिसेल तो खरा.

दोन्हीकडे एक योजना घरातल्या आणखी पाच जणांत वाटून घेता येते. यावर हमखास येणारी शंका: ‘मग माझे फोटो सगळ्यांना दिसतील का?’ नाही. जागा सामाईक असते, फाइली ज्याच्या त्याच्या. दाखवायचे असतील तर अल्बम वेगळा शेअर करावा लागतो. मात्र एकानं शादी-ब्याहचे सगळे व्हिडिओ चढवले तर जागा सगळ्यांची भरते, आणि मग कोणी किती खाल्लं यावरून घरात संसद भरते. योजनेच्या मालकाला प्रत्येकाचा वापर आकड्यात दिसतो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मुलांच्या अभ्यासासाठी किंवा घरच्या कामासाठी वर्ड-एक्सेल विकत घ्यायचंच असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली बघा. सहा जणांपर्यंत प्रत्येकाला १ टीबी स्वतंत्र मिळतं. इथं जागा वाटून घ्यायची नसते, त्यामुळे वरची संसदही नाही. माझ्या मते चार-पाच माणसांच्या, लॅपटॉप असलेल्या घराला हा सौदा सगळ्यात किफायतशीर पडतो. फोटो शोधण्याच्या बाबतीत मात्र वनड्राइव्ह गूगल फोटोच्या जवळपासही येत नाही.

ड्रॉपबॉक्स फुकटात फक्त २ जीबी आणि तीन उपकरणं देतं, म्हणून घरगुती वापरासाठी त्याचं नाव कमी निघतं. त्याची खुबी वेगळी आहे. मोठ्या फाइलीतला थोडा भाग बदलला तर ते तेवढाच भाग पुन्हा चढवतं. फोटोशॉपच्या मोठाल्या फाइलींवर दिवसभर काम करणाऱ्याला आणि हळू इंटरनेटवाल्याला हा फरक जाणवतो. न्यूझीलंडची मेगा २० जीबी फुकट देते, आणि तिथल्या फाइली तुमच्या पासवर्डनं कुलूपबंद होतात. त्या कंपनीलाही वाचता येत नाहीत. हे चांगलं, पण पासवर्ड आणि रिकव्हरी की (खातं उघडायची राखीव किल्ली) दोन्ही हरवलं तर कंपनीही दार उघडून देऊ शकत नाही. विसराळू माणसानं तिथं एकुलती प्रत ठेवू नये.

मोबाइल कंपन्या रिचार्जबरोबर क्लाउडची जागा देतात. ती घ्यायला हरकत नाही, पण मुदत कधी संपते आणि त्यानंतर फाइलींचं काय होतं ते वाचूनच. सहा महिने फुकट मिळालेले १०० जीबी सातव्या महिन्यात बिलावर येतात. ‘एकदाच पैसे भरा, आयुष्यभर वापरा’ अशा योजनांवर माझा भरवसा नाही. आयुष्य तुमचं नव्हे, त्या सेवेचं धरायचं असतं. ॲमेझॉनसारख्या कंपनीनंही आपलं ॲमेझॉन ड्राइव्ह ३१ डिसेंबर २०२३ रोजी बंद केलं.

कागदपत्रांसाठी डिजिलॉकर आहेच. सरकारची ही सेवा जुलै २०१५ पासून चालू आहे. त्यात दोन कप्पे असतात. ‘इश्यूड’मध्ये आरटीओ, विद्यापीठ, बोर्ड यांनी थेट दिलेले दाखले येतात, आणि ते कायद्यानं मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद दुसऱ्या कप्प्यात जातो. त्याची किंमत झेरॉक्सइतकीच. लायसन्स तपासणाऱ्या हवालदारापुढे पहिला कप्पा उघडायचा.

पायरी ४: चढवायला किती वेळ लागेल ते काढा

२ टीबी विकत घेऊन वर ३० जीबीच चढलेले, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. कारण अपलोडचा वेग कोणी बघितलेलाच नसतो. जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. स्पीड टेस्टमध्ये खालचा ‘अपलोड’चा आकडा घ्या. तो १० एमबीपीएस असेल तर २०० जीबीला साधारण ४४ तास लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. ४० एमबीपीएसला ११ तास. मोबाइल डेटावर दिवसाला दीड जीबी मिळत असतील तर तेच २०० जीबी चार महिन्यांहून जास्त घेतील, आणि तेवढे दिवस घरात कोणी रील बघायची नाही!

म्हणून पहिला मोठा ढीग ब्रॉडबँड असलेल्या नातेवाइकाकडून रात्रभर चढवावा आणि नंतरची रोजची भर घरून. लॅपटॉप झोपी जाऊ नये म्हणून पॉवर सेटिंग बदलायला विसरू नका.

पायरी ५: धंद्यासाठी आधी मालक ठरवा

छोट्या ऑफिसातलं नेहमीचं चित्र असं. इंटिरिअरचं काम करणारी चार माणसं. ड्रॉइंग, कोटेशन, साइटचे फोटो सगळं एका हुशार ज्युनिअरच्या खासगी जीमेलच्या ड्राइव्हवर, कारण सुरुवात त्यानं केली. बाकीच्यांना फोल्डर ‘शेअर’ आहे, त्यामुळे सगळं ऑफिसचंच आहे असं वाटतं. तो दुसरीकडे लागला, त्याची जागा भरली, त्यानं आपल्या खात्यातून ‘जुनं काम’ उडवलं. झालं. शेअर केलेली फाइल बघणाऱ्याची नसते, खातेदाराची असते. इथं कोणी फसवणूकही केलेली नाही.

म्हणून धंद्याच्या फाइली धंद्याच्या खात्यावर. सेवा कोणतीही घ्या, पण ती स्वतःच्या डोमेनवर (धंद्याच्या नावाच्या इंटरनेट पत्त्यावर) आणि ॲडमिन, म्हणजे सगळ्यांची खाती सांभाळणारा, असलेली घ्या. डोमेनची नोंदणीही संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाच्या नावावर नको, मालकाच्या हवी.

गूगल वर्कस्पेस या गूगलच्या धंद्यासाठीच्या सेवेत स्टार्टर योजनेला माणशी ३० जीबी मिळतात, स्टँडर्डमध्ये माणशी २ टीबी. ही जागा सगळ्यांची मिळून एकत्र मोजली जाते, त्यामुळे रिसेप्शनवरच्या माणसाचा न वापरलेला वाटा डिझायनरला वापरता येतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस बेसिकमध्ये माणशी १ टीबी वनड्राइव्ह. सगळं ऑफिस एक्सेलवर जगत असेल, विशेषतः मॅक्रो (कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा) असलेल्या फाइली असतील, तर मायक्रोसॉफ्टकडेच जा. त्या फाइली गूगल शीट्समध्ये ओढूनताणून चालवण्यात शहाणपण नाही. चेन्नईच्या झोहोची वर्कड्राइव्ह ही तिसरी चांगली निवड आहे. टीमच्या फोल्डरवर तिची सगळी रचना उभी आहे, आणि भारतात उघडलेल्या खात्यांचा डेटा भारतातच ठेवला जातो.

तिन्हीकडे एक गोष्ट शोधा: फाइल माणसाच्या नव्हे तर संस्थेच्या मालकीची राहील असा फोल्डर. गूगलमध्ये त्याला शेअर्ड ड्राइव्ह म्हणतात, मायक्रोसॉफ्टमध्ये हे काम शेअरपॉइंट करतं, झोहोत टीम फोल्डर. तुम्ही बघताय त्या योजनेत ते मिळतं का, एवढं विक्रेत्याला फोन करून विचाराच. माणूस गेला तरी त्यातलं काही हलत नाही.

ॲडमिन दोन ठेवा. एकच असला आणि त्याचा फोन हरवला तर सगळं ऑफिस बाहेर उभं. कोणी नोकरी सोडली तर क्रम असा: आधी पासवर्ड बदलून त्याला सगळीकडून लॉगआउट करायचं, मग त्याच्या फाइलींची मालकी दुसऱ्याकडे वळवायची, आणि खातं काढून टाकायचं ते सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमानं केलं तर परत मिळवण्याची मुदत मोजकीच असते. वापरकर्त्यानं कचरापेटीतूनही काढलेली ड्राइव्हची फाइल वर्कस्पेसचा ॲडमिन २५ दिवसांपर्यंत परत आणू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस वनड्राइव्हमध्ये पुसलेल्या फाइलीला ९३ दिवस मिळतात.

या योजनांच्या जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. बिलिंगमध्ये आपला जीएसटी क्रमांक भरला तर त्याचं इनपुट क्रेडिट घेता येतं. कित्येक जण तो रकाना रिकामा ठेवतात आणि मार्चमध्ये सीएंच्या शिव्या खातात.

पायरी ६: टॅली, फोटोग्राफर आणि डीटीपीवाले

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर सरळ ड्राइव्हच्या किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका. टॅलीत कंपनी उघडी असते तेव्हा १०००० सारख्या आकडी नावाच्या फोल्डरमधल्या अनेक फाइली एकाच वेळी बदलत असतात. सिंक मध्येच त्यातल्या काही उचलतं, काही राहतात, आणि दोन संगणकांवर दोन वेगळ्या वेळच्या फाइलींची खिचडी होते. कंपनी मग उघडतच नाही. बरोबर पद्धत ही: डेटा साध्या डिस्कवर असू द्या. संध्याकाळी टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून ‘बॅकअप’ निवडा, आजच्या तारखेच्या नावाचा फोल्डर करून तिथं बॅकअप घ्या, आणि तो फोल्डर क्लाउडवर जाऊ द्या. रोज वेगळा फोल्डर यासाठी, की कालचा चांगला बॅकअप आजच्या बिघडलेल्यानं झाकला जाऊ नये.

हे कागद ठेवायचे किती दिवस? जीएसटी कायद्यानं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, कंपनी कायद्यानं आठ आर्थिक वर्षं. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर आणखी एक नियम लागू होतो. इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि ऑगस्ट २०२२ पासून तो रोजच्या रोज. तेव्हा विक्रेत्याला ‘सर्व्हर कुठं आहे?’ हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तराची मेल जपून ठेवा. प्रोप्रायटरशिपला हा नियम लागत नाही, तरी सवय वाईट नाही.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचं दुखणं आकाराचं आहे. एका लग्नाच्या तीन-चार हजार रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फाइली, प्रत्येकी २५-३० एमबी धरल्या तरी शंभर जीबी झाले, व्हिडिओ वेगळाच. एका हंगामात २ टीबी कुठल्या कुठं उडतात. हे सगळं ड्राइव्हवर ठेवायच्या फंदात पडू नये. चालू कामं दोन हार्ड डिस्कवर, निवडलेले आणि एडिट झालेले फोटो क्लाउडवर, आणि अल्बम दिल्यानंतरचा रॉ माल ठेवायचाच असेल तर ॲमेझॉन वेब सर्व्हिसेससारख्यांच्या थंड साठ्यात, म्हणजे क्वचित लागणाऱ्या फाइलींच्या स्वस्त जागेत. ॲमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ पासून आहे. त्यांच्या ग्लेशियर डीप आर्काइव्ह या वर्गात ठेवण्याचं भाडं अगदी कमी पडतं, पण फाइल मागितल्यावर हातात यायला १२ तासांपर्यंत लागू शकतात, बाहेर काढताना पैसे पडतात, आणि १८० दिवसांच्या आत पुसली तरी तेवढ्या दिवसांचं भाडं द्यावंच लागतं. ग्राहकाला ‘लगेच पाठवतो’ म्हणायच्या फाइली तिथं नकोत.

छापखाने आणि डीटीपीवाल्यांसाठी (संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांसाठी) एक खास मराठी अडचण. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फाँटमधल्या पेजमेकर-कोरलच्या फाइली क्लाउडवर नीट राहतात, पण आतला मजकूर क्लाउडच्या शोधाला कळत नाही. ‘कुलकर्णी लग्नपत्रिका’ शोधलं तर काहीच हाती लागत नाही. म्हणून फाइलीचं नाव युनिकोड मराठीत किंवा सरळ इंग्रजीत, वर्ष आधी, मग महिना, मग ग्राहकाचं नाव असं ठेवा. आणि फाइलीच्या फोल्डरमध्येच तिचा फाँटही ठेवा. पाच वर्षांनी नव्या मशीनवर फाइल उघडली की तिथं अक्षरांऐवजी किडेमुंग्या दिसायला नकोत.

पायरी ७: दुसरी प्रत कुठं ते ठरवा

जुना नियम आहे ३-२-१चा: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक वेगळ्या जागी. क्लाउड त्या तीनांतली एक. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटऱ्यांमुळे आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्ह या क्लाउडवरचा ८५८ टीबी डेटा गेला. आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. सरकारचं जे झालं ते आपलं होणार नाही असं समजायचं कारण नाही.

आग लागायलाच हवी असंही नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत एका बापानं आजारी बाळाचे फोटो डॉक्टरांसाठी काढले, गूगलच्या यंत्रणेला ते आक्षेपार्ह वाटले आणि खातं बंद झालं. पोलिसांनी तपास करून त्याला निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. त्याच्या मेल, फोटो, संपर्क, सगळं त्या एका खात्यात होतं.

घरासाठी एक हार्ड डिस्क पुरते. दिवाळीची साफसफाई आणि गुढीपाडवा अशा दोन ठरलेल्या दिवशी फोटो तिच्यावर उतरवून घ्यायचे आणि ती कपाटात ठेवायची. ती संगणकाला कायम जोडून ठेवली तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही.

पायरी ८: कुलूप, किल्ली आणि वारस

दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी) चालू करा आणि त्यासोबत मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. परदेशी जाणाऱ्या मुलांनी हे विमानात बसण्याआधी करावं. खात्याची पडताळणी भारतातल्या नंबरवर जाते, ते सिम रिचार्जअभावी बंद पडतं, आणि न्यू जर्सीत बसून ओटीपी कुठून आणणार? पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनं चालणारी किल्ली) किंवा ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) लावलं की सिमवर अवलंबून राहावं लागत नाही.

शेअर करताना ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय लग्नाच्या आमंत्रणासाठी ठीक आहे. आधार, पगारपत्रक, ग्राहकांची यादी यांसाठी मुळीच नाही. तिथं समोरच्याचा मेल पत्ता टाकून, ‘फक्त पाहू शकतो’ असा हक्क देऊन पाठवा. ग्राहकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं धंदेवाल्यावर टाकली आहे, क्लाउड कंपनीकडे बोट दाखवून ती टळत नाही.

आपल्यामागे खातं कोण उघडणार हेही ठरवता येतं. गूगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे, ॲपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’. विषय नकोसा असतो, पण भरायला फार वेळ लागत नाही.

पायरी ९: महिन्याच्या दरानं घ्या आणि बाहेर पडून बघा

वार्षिक योजना स्वस्त दिसते, तरी पहिले एक-दोन महिने मासिकच भरा आणि त्या काळात फाइली परत आणून बघा. गूगलमधून सगळं एकदम उतरवायला टेकआउट आहे. फोटो झिप फाइलींत येतात आणि तारखेसारखी काही माहिती शेजारच्या छोट्या फाइलींत वेगळी पडते, त्यामुळे दुसऱ्या ॲपमध्ये टाकल्यावर क्रम विस्कटू शकतो. एका छोट्या अल्बमवर हे आधी करून बघा. दुसरा सापळा गूगल डॉक्स आणि शीट्सचा. संगणकावरच्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये त्यांच्या फाइली दिसतात, पण त्या नुसत्या दुव्यासारख्या असतात. पेन ड्राइव्हवर कॉपी केल्या तर हातात मजकूर येत नाही. त्या वर्ड-एक्सेलच्या रूपात डाउनलोड कराव्या लागतात.

एक फोटो, एक एक्सेल आणि टॅलीचा एक बॅकअप घ्या, आणि ते तुमच्या नेहमीच्या नसलेल्या संगणकावर उतरवा. फोटोची तारीख बरोबर आहे, एक्सेलचे सूत्र चालतंय आणि टॅलीत रिस्टोअर केलेल्या कंपनीची कालची शेवटची एंट्री दिसतेय, एवढं जुळलं की वर्षाचे पैसे भरायला हरकत नाही.